जाळीचं मोकळं टोक

व्हॉल्व्हचे अँप्लिफायर बनवणाऱ्याकडे येणारं गिऱ्हाईक आवाजाची चौकशी करतं. आवाज गोड आहे का, जुन्या रेडिओसारखा भरीव लागतो का, असं काय काय विचारतं. शांततेबद्दल कुणी विचारत नाही, आणि खरी मेहनत तर तिच्यासाठीच असते. अँप चालू आहे, व्हॉल्व्ह तापलेत, आवाजाची चावी पुरती फिरवलेली आहे, आणि तरीही स्पीकरला कान लावला तर काही म्हणजे काही ऐकू येत नाही, एवढं ज्याला जमलं त्यानंच पुढच्या गप्पा माराव्यात. ज्याला नाही जमलं त्याच्या स्पीकरमधून हम येतो, गावाबाहेर कुठेतरी गिरण चालू असावी तसा. एकदा तो कानात बसला की मग कितीही चांगलं गाणं लावा, त्याच्या मागे ती गिरण चालूच राहते.

हा हम घरातल्या विजेचा. पहिल्या व्हॉल्व्हकडे जाणारी वायर अँपमध्ये सगळ्यांत हळवी असते. आजूबाजूला जे असेल ते ती ओढून घेते आणि पुढे तेच कितीतरी पटीने मोठं होऊन बाहेर पडतं. म्हणून तिथे जाळीची वायर लावायची. आत एक बारीक तार, तिच्यावर प्लास्टिक, आणि त्याच्यावर तांब्याच्या केसांची विणलेली जाळी. लोक या जाळीला भिंत समजतात. ती भिंत नाही. बाहेरून आलेलं ती अडवत नाही, अंगावर घेते आणि जमिनीत नेऊन सोडते. त्यासाठी तिचं एक टोक अँपच्या चासीला, म्हणजे खालच्या पत्र्याच्या सांगाड्याला, आणि चासी घराच्या अर्थिंगला जोडायची, दुसरं टोक मोकळं कापून त्यावर स्लीव्ह चढवायची. दोन्ही टोकं जोडलीत तर हम वाढतो. एकही जोडलं नाहीत तर जाळीचीच अँटेना होते. इतकं सोपं आहे हे, पण व्हिडिओ बघून शिकलेल्या हौशी मंडळींना फोनवर सांगून सांगून माझा घसा कोरडा पडायचा.

माझं घर रत्नागिरीत, कुवारबावच्या पुढे सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर आहे. चिऱ्याचं साधं घर, पुढच्या खोलीत माझं काम, मागे पडवी आणि धुण्याचा दगड. सड्यावर राहण्याची एक मोठी अडचण अशी की इथला जांभा दगड उन्हाळ्यात पार कोरडा पडतो आणि कोरड्या जांभ्यात अर्थिंग लागत नाही. खड्डा खणून, त्यात कोळसा आणि मीठ भरून, मधोमध एक पाइप उभा करायचा आणि होळी झाली की रोज त्यात पाणी ओतत राहायचं. शेजारपाजारचे लोक आधी थट्टा करायचे की हा संदेश बघा, नसलेल्या झाडाला पाणी घालतो. नंतर त्यांना सवय झाली.

आधीचं अर्थिंग गंजलं म्हणून गेल्या वर्षी धुण्याच्या दगडापलीकडे नवीन खड्डा खणून घेतला. चिऱ्याच्या खाणीवर काम करणारा केरू आला होता. कंबरेइतकं खणून झाल्यावर त्याने पहार टाकली आणि वर आला. "खाली पोकळ लागतंय," म्हणाला, "इथंच बास करा." जांभ्यात अशा पोकळ्या असतातच, त्यात नवल काही नाही. उलट मला बरंच वाटलं, कारण पोकळीतून गार ओलसर हवा येत होती आणि अर्थिंगला ओल मिळण्याशी मतलब. केरूने घाईघाईने कोळसा भरला आणि चहाही न घेता गेला.

माझ्या बायकोला, शमिकाला जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता गेली. मागे मी आणि आमची सानवी राहिलो. सानवी आता सात वर्षांची आहे. आणि ती बोलायची थांबली.

आईचा धक्का बसलाय, डॉक्टर म्हणाले, जबरदस्ती करू नका, आपोआप बोलेल. मी मान डोलावली. पण शमिका गेल्यानंतरही सानवी बोलत होती. रडत होती, भांडत होती, आईच्या साड्या कुणाला दिल्यास म्हणून हौसाकाकीला जाब विचारत होती. नवीन खड्ड्याचं काम झालं त्या सुमारास कधीतरी तिचं बोलणं आटत गेलं, आणि मग एके दिवशी आमच्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत तिचा आवाजच ऐकलेला नाही. तिचा शेवटचा शब्द कोणता होता ते मला किंवा काकीला, कुणालाच आठवत नव्हतं.

हौसाकाकी म्हणजे आमचा स्वयंपाक आणि सानवीचं सगळं बघणारी बाई. लांज्याकडच्या गावची, नवरा मुंबईत, मुलं मुंबईत, ही सकाळी येते आणि संध्याकाळी दिवा लावून जाते. तिने नवस बोलून पाहिला, दृष्ट काढून पाहिली. मी सानवीला भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं, खेळणी आणली, गोष्टी अर्ध्यावर सोडून "पुढे काय झालं सांग बघू" म्हणून पाहिलं. एकदा रागावूनही पाहिलं आणि मग स्वतःच रडत बसलो. तशी पोर आजारी नव्हती. जेवायची, शाळेत जायची, पाटीवर लिहून दाखवायची, चित्रं काढायची. हसायचीसुद्धा, फक्त हसताना नुसते खांदे हलायचे. मला दुसरं काही नको होतं, तिचा आवाज तेवढा परत हवा होता. त्याच्या बदल्यात कुणी काहीही मागितलं असतं तर मी दिलं असतं.

त्या दिवसांत जयगडच्या बंदरावरच्या एका इंजिनिअरसाठी अँप करत होतो. सगळं जोडून झालं होतं, पहिल्या व्हॉल्व्हची जाळीची वायरही बसवली होती, पण जाळीचं कुठलं टोक अर्थिंगला जोडावं याचा निर्णय होत नव्हता. गिऱ्हाईक तबकडीची पिन लावतं तिकडचं, की व्हॉल्व्हकडचं? कागदावर दोन्ही सारखंच, प्रत्यक्षात प्रत्येक अँप आपलं आपलं ठरवतं. म्हणून दोन्ही टोकं मोकळी ठेवून अँप चालू केला. आधी हम किती येतो ते ऐकायचं, मग एकेक टोक लावून बघायचं, ही माझी पद्धत.

दुपारची वेळ होती. हौसाकाकी मागे भांडी घासत होती, सानवी शाळेतून येऊन पडवीत चित्र काढत बसली होती. मी चावी फिरवली आणि हमची वाट बघत राहिलो. हम आला नाही. स्पीकरमधून कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं.

रेडिओ घुसला असं वाटलं. मोकळ्या जाळीला रेडिओ सापडतो, अशा तक्रारी घेऊन माझ्याकडे माणसं येतात. त्यावर व्हॉल्व्हच्या तोंडाशी एक रेझिस्टर लावायचा असतो, तो लावला. आवाज गेला नाही. मग मी स्पीकरला कान लावला.

"... मग बाईंनी मला पुढच्या बाकावर बसवलं. तिथे पंखा लागत नाही. मी नाही सांगितलं त्यांना."

सानवीचा आवाज होता. बापाला आपल्या पोरीचा आवाज ओळखायला काही करावं लागत नाही. मनात पहिलं आलं ते असं की जुनं काहीतरी कुठेतरी साठून राहिलंय आणि आता निघतंय. मोबाइलवरचं, टेपवरचं, काहीतरी. पण त्या आवाजात 'स' म्हणताना दातांतून वारा निघत होता. सानवीचे पुढचे दोन दात गेल्या महिन्यात पडले होते. ती तोंडाने बोलायची तेव्हा ते दात जागेवर होते.

मी उठून पडवीच्या दारात गेलो. सानवी पोटावर पडून चित्र रंगवत होती. ओठ मिटलेले. माझ्या मागे स्पीकरमधून ती म्हणत होती, "आता निळा घेते. निळा संपत आलाय." आणि समोर तिने खडूच्या पेटीतून निळा तुकडा उचलला.

यानंतर मी जाळीचं टोक अर्थिंगला जोडलं नाही. गिऱ्हाइकाला फोन करून वेळ लागेल म्हणून सांगितलं आणि दुपार झाली, सानवी शाळेतून आली की खोलीचं दार लोटून स्पीकरपाशी बसायला लागलो. आवाज स्पष्ट यावा म्हणून वायर बदलून पाहिल्या. मिठाईवर असतो तशा वर्खाची वायर लावली तर आवाज गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा आला. घट्ट विणीच्या तांब्याच्या जाळीतून शब्द कळायचे, पण दातांतला तो वारा ऐकू यायचा नाही. जाळी जितकी दाट तितकी ती वरचे बारीक सूर खाते, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं आणि चांगल्या शांततेसाठी ते सगळे सोसतात. मला आता शांतता नको होती. भंगारवाल्याकडून आलेलं एक रीळ पडलं होतं, जुन्या बोटीवरच्या रेडिओचं, कापडी वेष्टनाचं, काळवंडलेलं, जाळी इतकी विरळ की आतलं प्लास्टिक दिसावं. असली वायर कुणी लावली तर मी त्याला घरातून हाकलून दिलं असतं. ती मी लावली, आणि सानवीचा श्वाससुद्धा ऐकू यायला लागला.

ती माझ्याशी बोलत नव्हती, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती बोलायची, मग थांबायची, फोनवर पलीकडचं ऐकताना माणूस थांबतो तशी. मग "हो," म्हणायची, किंवा "नाही, तसं नाही," आणि पुढे चालू. पलीकडचं काही ऐकू यायचं नाही. त्या थांबण्यात मी जीव कानात आणून बसायचो. दुसरं कोण असणार? माझ्या मनाने तेव्हाच ठरवून टाकलं की शमिका आहे. मी कसं सांगू, मला किती बरं वाटलं ते. आपली बायको अगदीच गेलेली नाही, पोरीची वेणी, शाळा, पडलेले दात, सगळं तिला कळतंय, असं वाटून मी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवलो.

एक दिवस मी दार लोटायला विसरलो. हौसाकाकी चहा घेऊन आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. स्पीकरमधून सानवी सांगत होती की सकाळची पेज खारट झाली होती, तरी तिने संपवली. मी मागे वळून बघितलं. काकी स्पीकरकडे बघत होती.

"खारट नव्हती हो भाऊ," ती पुटपुटली, "मी मीठ बेतानेच घातला होता."

एवढं बोलून तिला ती काय बोलली ते कळलं. कप तिथेच जमिनीवर ठेवून ती मागच्या मागे गेली. नंतर मी स्वयंपाकघरात गेलो तर चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसलेली.

"काकी, घाबरू नका," मी म्हटलं. "ती शमिकाशी बोलते."

"तुम्ही आयकलात वहिनींना?"

"नाही. पण..."

"मग असा म्हणू नका." तिने डोळे पुसले. "त्या डब्याचं तोंड बंद करा भाऊ. पोरीचा सगळा बोलणा तिकडं जातोय, मग तोंडात काय उरल? एका भांड्याला किती भोकं पाडाल?"

मला राग आला. तिला काय कळतं यातलं, असं वाटलं. पण त्या दिवसापासून काकी पुढच्या खोलीत येईनाशी झाली, झाडायलासुद्धा.

मे महिना लागला. सडा तापून भाजायला लागला, आणि माझ्या लक्षात आलं की खड्ड्याच्या पाइपात हल्ली मला पाणी घालावं लागत नाही. सानवी घालत होती. शाळेला सुट्टी होती. दुपार झाली की पितळेचा तांब्या घेऊन ती हौदापासून खड्ड्यापर्यंत खेपा घालायची, शेवटचा तांब्या रिकामा करून पाइपाशी उकिडवी बसायची आणि पाणी खाली मुरत जाण्याचा आवाज ऐकायची. मी घालताना बघून शिकली असेल, म्हणून मला कौतुकच वाटलं. पाणी मुरलं की स्पीकरमधला आवाज आणखी स्वच्छ व्हायचा आणि तिचं ते मध्येच थांबणं लांबायचं. म्हणजे पलीकडून जास्त बोललं जात होतं. अर्थिंग चांगलं लागलं की सगळंच सुधारतं, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि सकाळची एक बादली मीही ओतायला लागलो.

बोलण्यातही फरक पडला होता. शाळा, चित्रं, पेज हे विषय मागे पडले. ती आता बहुतेक उत्तरंच द्यायची. "अजून नाही." "दिसत नाही मला तिथलं." "खूप खोल आहे का?" एकदा ती बराच वेळ गप्प होती आणि मग रडवेल्या आवाजात म्हणाली, "मला कंटाळा आला आता. किती दिवस झाले." मी स्पीकर दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. "मग मोठ्या माणसाला चालतं का?" तिने विचारलं. परत गप्प. आणि मग एकदम हुशारून, आपली एखादी वस्तू दाखवताना बोलायची तशी: "बाबांना येतं ते. बाबांना सगळं जोडता येतं. करतील ते. मी सांगते ना, करतील."

मला भरून आलं. शमिका विचारत असणार की बाबांना जमेल का तुझं एकट्याने करायला, केस, अभ्यास, आजारपण, सगळं, आणि माझी पोर माझ्या बाजूने भांडत होती. मी स्पीकरच्या कापडावर डोकं टेकलं आणि रडलो.

हे सगळं असंच चाललं असतं. दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पाणी घालून झालं होतं, आवाज स्वच्छ लागला होता, सानवी काहीतरी सांगत होती आणि मी डोळे मिटून ऐकत होतो. दार करकरलं. बघतो तर सानवी खोलीत आली होती. तिच्या हातात चित्र होतं, मला दाखवायला आणलेलं. चालताना तिच्या चपला फरशीवर चटचट वाजत होत्या आणि त्या आवाजात स्पीकरमधले शब्द बुडत होते. मी तिच्याकडे न बघता ओठांवर बोट ठेवलं आणि गप्प राहा म्हणून खूण केली.

ती थबकली. मग चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता बाहेर गेली.

ते बोट माझ्या ओठांवरून खाली यायला बराच वेळ लागला. मुक्या पोरीला मी गप्प राहायला सांगत होतो, तिचंच बोलणं मला नीट ऐकू यावं म्हणून. लाज वाटली, भीती वाटली, आणि काकीचं म्हणणं एकदम खरं वाटायला लागलं. वायर मोकळी आहे, ती आजूबाजूचं ओढून घेतेय. ती बंद केली की आवाजाला जायला दुसरी वाट राहणार नाही, तोंडावाटेच यावं लागेल. शमिकाचं मनात आलं, नाही असं नाही. पण गेलेल्या बायकोचं न ऐकू येणारं बोलणं आणि जिवंत पोरीचं तोंड यात निवड करायची वेळ आली तर कुठलाही बाप काय करील?

मी अँप उलटा केला, विरळ जाळीची ती वायर काढून टाकली आणि कपाटातली सगळ्यांत चांगली घट्ट विणीची वायर घेतली. घाई केली नाही. टोकाचं वेष्टन सोललं, जाळीचे केस पिळून एक शेपटी केली, आतल्या तारेला कुठे धक्का लागलेला नाही ना ते भिंगातून बघितलं. व्हॉल्व्हकडचं टोक कापून त्यावर स्लीव्ह चढवली. पिनेकडचं टोक चासीच्या बोल्टापाशी नेलं. कुठलं टोक लावावं याचा इतके दिवस न झालेला निर्णय त्या वेळी विचार न करताच झाला. अँप चालू होता, मी तो बंद करायला हवा होता, पण तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकावं असं वाटलं. डाव्या हाताच्या चिमटीत जाळीची शेपटी धरून मी बोल्टाला टेकवली आणि कथलाचा डाग दिला. कथील वितळलं, चमकलं, गोठलं. "आले," स्पीकरमधून सानवी म्हणाली, आणि आवाज बंद झाला.

चावी पुरती फिरवली. स्पीकरला कान लावला. तिथे काहीही नव्हतं. हम नव्हता, व्हॉल्व्हची सरसर नव्हती. इतकी स्वच्छ शांतता मी आयुष्यात कधी केली नव्हती, आणि कामाची सवय अशी की त्या अवस्थेतही मला तिचा क्षणभर अभिमान वाटला. मग मी उठून मागच्या दाराने बाहेर आलो.

उन्हं कलली होती. सानवी खड्ड्यापाशी उकिडवी बसली होती, बाजूला रिकामा तांब्या आडवा पडलेला. माझी चाहूल लागून तिने मान वळवली.

"बाबा, भूक लागली," ती म्हणाली.

तिच्या तोंडातून. ओठ हलले होते, दातांच्या फटीतून वारा आला होता.

"पोळी आणि गूळ पाहिजे मला. आणि पेज नको, काकी खारट करते. बाबा, माझं चित्र बघितलंच नाहीत तुम्ही."

मी धावलो, गुडघ्यांवर पडलो, तिला छातीशी धरलं. तिचे केस उन्हाने तापले होते. ती बोलत होती, थांबतच नव्हती. बाईंचं, बाकाचं, निळ्या खडूचं, मी ऐकलेलं सगळं पुन्हा सांगत होती आणि मला ते पुन्हा ऐकायचं होतं. हे सुख माझ्या वाट्याला आलं, ते मी नाकारणार नाही. तिला सानू म्हणून हाक मारावी असं वाटलं. तोंड उघडलं, जीभ हलली, श्वास बाहेर पडला. हाक आली नाही. रडण्याने घसा दाटला असेल म्हणून आवंढा गिळला आणि पुन्हा हाक मारली. घोगरा, फाटका, कसलाही आवाज नाही. दोरीवरचे कपडे काढायला हौसाकाकी पडवीतून येत होती, तिने सानवीचं बोलणं ऐकलं आणि तिच्या हातातली टोपली खाली पडली.

"पोर बोलली! अहो भाऊ, पोर बोलली हो!" ती रडत होती, हसत होती, सानवीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत होती. "देवाने आयकलान गो बाय माझे!" मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी खड्ड्याच्या कडेला गुडघ्यांवर बसून तोंड उघडत होतो आणि मिटत होतो. काकीचा चेहरा हळूहळू बदलला.

"भाऊ? तुम्ही काय बोलत का नाय? काय होताय तुम्हाला?"

सानवीने फ्रॉकला हात पुसले, तांब्या उचलला आणि तो माझ्या हातात दिला.

"त्यांना नको विचारू काकी," ती म्हणाली. "आता बाबांवर राज्य आलंय."